कपड्यांचा नवा स्टीमर वापरायला घेताना
पहिली गोष्ट, स्टीमर इस्त्रीसारखा दाबून फिरवू नका. इथे सुरकुती वजनाने जात नाही, वाफ धाग्यात मुरली की ती आपोआप सैल होते. कपडा हँगरला लावा, खालचा काठ एका हाताने हलकाच ताणून धरा आणि स्टीमर सावकाश फिरवा. घाई केली तर वाफ नुसती वरच्यावर निघून जाते.

यंत्र पुरतं तापू द्या. नाहीतर तोंडातून पाण्याचे थेंब उडतात आणि रेशमावर डाग बसतात. म्हणून पहिली वाफ नेहमी जुन्या फडक्यावर सोडा.

जॉर्जेट, शिफॉन, क्रेप यांना स्टीमर उत्तमच. मखमलीला तर इस्त्री नकोच, लव चपटी होते. तिला उलट बाजूने वाफ द्या. पैठणीलाही मी उलट बाजूनेच देते, तीही दोन-तीन इंचांवरून आणि जरीचा भाग टाळून. खळ घातलेली सुती साडी, शर्टाची कॉलर, पँटची क्रीझ यांना मात्र इस्त्रीच हवी.

बोअरचं पाणी अजिबात घालू नका. क्षार साचून छिद्रं बुजतात, मग पांढरे कण कपड्यावर पडतात. वापर झाला की टाकी रिकामी करा.

अंगात घातलेल्या कपड्यावर स्टीमर कधीच धरू नका, वाफेने कातडी भाजते. आणि वाफ दिलेला कपडा दहा मिनिटं तसाच लटकू द्या; ओलसर असताना घडी घातली की नव्या चुण्या पडल्याच म्हणून समजा.