क्वीन बँडचे ब्रायन मे यांची गिटार खरंच घरी बनवलेली आहे का?

हो, त्यांची ‘रेड स्पेशल’ ही गिटार त्यांनी आणि त्यांचे वडील हॅरोल्ड यांनी घरीच बनवली. मे यांनी हे मुलाखतींमध्ये अनेकदा तपशिलासकट सांगितलंय. 1963 मध्ये काम सुरू केलं तेव्हा ते 16 वर्षांचे होते. चांगली विकतची गिटार घरच्यांना परवडणारी नव्हती, पण वडील इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार होते. काम जवळपास दोन वर्षं चाललं. वापरलेलं सामान पाहण्यासारखं आहे:

- मान: जुन्या फायरप्लेसवरची महोगनी फळी
- ट्रेमोलोच्या (दांडा हलवून सूर खाली-वर करणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा: जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या
- ट्रेमोलोच्या दांड्याचं टोक: आईची विणायची सुई
- मानेवरचे ठिपके: आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं

मात्र सगळंच घरचं नाही. पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारे भाग) त्यांनी आधी स्वतः तार गुंडाळून बनवले होते, पण तार ओढून वाजवताना त्यांतून नको तो आवाज यायचा, म्हणून बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणून बसवले. प्रत्येक पिकअपला दोन वेगळी बटणं आहेत, एक चालू-बंद करायचं आणि एक फेज (विजेच्या संकेताची दिशा) उलटवायचं. त्यामुळे एकाच गिटारमधून इतके वेगवेगळे आवाज निघतात. शिवाय ते तार छेडायच्या प्लास्टिकच्या चकतीऐवजी (पिक) सिक्सपेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं वापरतात. त्याची दातेरी कड तारेवर घासते, आणि सुराच्या सुरुवातीला येणारी ती बारीक खरखर तिचीच. हेडफोन लावून ऐका, लगेच कळेल.