रंगाने पंख दुरुस्त होत नाही

प्रिय मित्रा,

फोटो पाहिले. स्पिटफायर मार्क १ या ब्रिटिश लढाऊ विमानाचं १/४८ मापाचं प्लॅस्टिक मॉडेल, डावा पंख मुळाशी तुटलेला, सुपरग्लूने जोडलेला, आणि सांधा दिसतो म्हणून त्यावर गडद हिरव्याचे तीन हात. आता विचारतोस, चौथा देऊ की नवं किट आणू?

दोन्ही नको. रंग खोट झाकत नाही. तिरपा उजेड पडला की तोच रंग ती चव्हाट्यावर आणतो.

राउंडेल, म्हणजे पंखावरचं गोल चिन्ह, टोकाकडे आहे, त्याला धक्का नको. त्याच्या अलीकडच्या पॅनेल लाइनवर (पत्र्यांचा जोड दाखवणारी कोरलेली रेघ) मास्किंग टेप लाव आणि आतला रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने उतरव. तुझा रंग ॲक्रिलिक आहे, निघेल. लॅकर थिनर बाटलीतच राहू दे, त्याने प्लॅस्टिकच विरघळतं.

मग सांधा मोडून काढ. हो, मोड! सुपरग्लू कडक पण ठिसूळ; वाळलेल्या ग्लूवर सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा मॉडेलचा गोंद, पकडणार नाही, म्हणून कोरं प्लॅस्टिक लागेपर्यंत खरवड. पितळी तार घालायचं म्हणतोस, पण पंख पोकळ आहे, भिंत जेमतेम मिलिमीटरभर. तार बसवणार कुठे? ०.५ मिमी प्लॅस्टिक शीटच्या दोन पट्ट्या काप, एक वरच्या भिंतीला, एक खालच्या, आतून चिकटव आणि अर्ध्या बाहेर ठेव. त्या घट्ट बसल्या की पंख त्यांवर सरकव आणि फटीत पातळ सिमेंट सोड.

स्पिटफायरचे पंख सहा अंश वर उचललेले असतात. कोन मोजत बसू नकोस. उजव्या पंखाखाली बसेल असा पुठ्ठ्याचा साचा काप आणि तोच उलटा करून डावीकडे लाव. चोवीस तास हात लावायचा नाही.

पुट्टी पातळ थरात, दोन-तीनदा. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो, आठवड्याने खाली बसतो आणि खालचं प्लॅस्टिकही मऊ करतो. घासताना ४००, ६००, मग १००० नंबरचा वॉटर पेपर, ओला. मुळाजवळच्या खोलगट भागात पेपर गोल पेन्सिलीला गुंडाळ. बोटाने घासलास तर तिथली गोलाई सपाट होते. पुसलेली पॅनेल लाइन सुईने, जाड टेपच्या आधाराने, हलक्या हाताने पुन्हा कोर.

आता राखाडी प्रायमर. दिव्यासमोर तिरपा धरून बघ. रेघ दिसली? परत पुट्टी. पुन्हा दिसली? परत. कंटाळा येईल, येऊ दे. मला किचकट म्हणणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या मॉडेलचे सांधे हातभरावरून मोजता येतात. पुन्हा सांगतो, प्रायमरवर जे दिसतं ते रंगाखालीही दिसणारच.

रंग सोपा. आधी डार्क अर्थ (मातकट तपकिरी), मग डार्क ग्रीन, एअरब्रशला ०.३ मिमी नोझल, हवेचा दाब १५ पीएसआयच्या आसपास, रंग दुधाइतका पातळ. सांध्यापुरता ठिगळ मारू नकोस, टेपपर्यंत जा. शेवटी मॅट कोट, म्हणजे बिनचमकीचं वार्निश, राउंडेलसकट दोन्ही पंखांवर, नाहीतर जुन्या-नव्याची चमक वेगळी दिसेल. फक्त या पावसात लॅकरचा मॅट मारू नकोस, दमट हवेत पांढुरका पडतो. मॉडेलचं प्रदर्शन पाऊस ओसरण्याआधी असेल तर मॅटशिवाय तसंच ने.

तुझा,
काका