वाचकांचे प्रश्न : एक लेखणी, अनेक प्रकार

प्रश्न : रत्नाकर मतकरी यांनी बालनाट्ये, गूढकथा, नाटके, मालिका, चित्रपट असे कितीतरी प्रकार हाताळले. इतक्या दिशांना वळल्याने लेखकाची ताकद विखुरत नाही का?

उत्तर : मतकरींच्या बाबतीत तरी तसे दिसत नाही. 1955 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आतबाहेर, ‘वेडी माणसं’ या एकांकिकेने मुंबई आकाशवाणीवरून त्यांची सुरुवात झाली आणि पुढे 1978 पर्यंत त्यांनी बँक ऑफ इंडियातील नोकरी सांभाळून लेखन केले. या पगारामुळेच, ज्यातून फारसा पैसा सुटत नाही अशा बालरंगभूमीसाठी 1962 मध्ये ‘बालनाट्य’ ही संस्था काढणे त्यांना परवडले असावे, असे मला वाटते.

आता विखुरण्याविषयी. ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण आणि महाभारताच्या अखेरच्या पर्वांवर बेतलेल्या, मुक्तछंदातील ‘आरण्यक’मधला विदुर, या दोन्ही भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केल्या. वरवर पाहता त्यांच्यात काहीच साम्य नाही. परंतु कंटाळलेले मूल खुर्चीत चुळबुळ करू लागते आणि नाटककाराला त्याची चूक तत्क्षणी कळते, ही शिस्त ज्याच्या अंगवळणी पडली आहे, तो मोठ्यांसाठी लिहितानाही पल्लेदार भाषणांच्या भरवशावर राहत नाही. गूढकथेतही भुतापेक्षा माहिती कुठवर दडवायची याचा हिशेबच अधिक महत्त्वाचा असतो, आणि तो मूलतः नाटककाराचा हिशेब आहे. (गूढकथेला दुय्यम मानणाऱ्या आपल्या समीक्षेने त्याची पुरेशी दखल घेतली नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.) खेड्यातील जातीय अत्याचारावरचे ‘लोककथा 78’ किंवा महत्त्वाकांक्षी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या नीतीची चिरफाड करणारा ‘इन्व्हेस्टमेंट’ पाहताना हेच जाणवते. हा चित्रपट त्यांनी स्वतःच्याच कथेवरून दिग्दर्शित केला आणि 2012 च्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

सगळे लेखन सारख्याच तोलाचे आहे, असा माझा दावा नाही. एवढ्या विपुल लेखनात काही भाग प्रसंगापुरता असणारच. मात्र पंचाहत्तरी ओलांडल्यावरही त्यांनी ठाण्यातील वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘नाट्यजल्लोष’ उभा करण्यात पुढाकार घेतला, आणि तिथे नाटिका रचायच्या होत्या त्या मुलांनीच, आपल्या अनुभवांतून आणि आपल्या भाषेत.