ऑनलाइन खरेदीचा मोह आवरत नाही आणि पगार वीस तारखेलाच संपतो, काय करावे?

गरज नसताना हातून खरेदी होते आणि दर महिन्याला ‘आता पुरे’ असे ठरवूनही ते टिकत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मी अर्थसल्लागार नाही; पण हीच खोड मला पाच-सहा वर्षे होती, आणि ती मोडताना जे कळले तेवढेच सांगते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून भाजी चिरण्याच्या यंत्राचे दोन खोके खाली आले. पहिले घेतल्याचा विसर पडल्यामुळे मी दुसरे मागवले होते, आणि त्याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. घरात भाजी मात्र विळीवरच चिरली जात होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी दोन्ही खोके ओट्यावर शेजारी शेजारी मांडले आणि दिवसभर तिथेच राहू दिले.

त्या रात्री मी मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरींचे ईमेल उघडून वस्तू, रक्कम आणि वेळ एका वहीत उतरवून काढली. रकमेचा धक्का अपेक्षितच होता. खरे काय ते वेळेच्या रकान्याने सांगितले. बहुतेक खरेदी रात्री साडेदहानंतरची, म्हणजे दिवसभराच्या कामाने शिणून अंथरुणावर पडल्या पडल्या केलेली होती. तुम्हीही प्रथम हेच करून पाहा, कारण तुमची वेळ कदाचित वेगळी असेल.

मनाला शिस्त लावण्याचा नाद मी तेव्हापासून सोडला. पूर्वी वस्तू आवडली तरी दुकानापर्यंत जावे लागे, पाकिटातल्या नोटा मोजाव्या लागत, आणि तेवढ्या वेळात निम्मी हौस आपोआप विरून जाई. २०१६ मध्ये यूपीआय आले, आणि साठवलेल्या कार्डामुळे तर आवडणे आणि पैसे जाणे यांत काही सेकंदांचेच अंतर उरले. ते अंतर मी जाणूनबुजून वाढवले. पगाराचे खाते यूपीआयपासून तोडले, दुसऱ्या बँकेत एक साधे खाते काढले आणि दर १ तारखेला वरखर्चासाठी ठरलेली रक्कम तिकडे वळवू लागले. फोनवरून पैसे जातात ते फक्त त्याच खात्यातून. यूपीआयला रूपे क्रेडिट कार्ड जोडण्याची सोय आहे, ती मात्र मुळीच घेऊ नका, नाहीतर हा सगळा खटाटोप व्यर्थ जाईल. खरेदीच्या ॲपमधून कार्डही काढून टाका. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना कार्डाचा मूळ क्रमांक साठवता येत नाही, पण तुमच्या संमतीने त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक सांकेतिक क्रमांक, ठेवले जाते आणि खरेदी पूर्वीइतकीच सोपी राहते. पाकीट आणायला उठून कपाटापर्यंत जावे लागणे हा किरकोळ अडथळा वाटेल. माझ्या बाबतीत तोच सर्वाधिक उपयोगी पडला.

क्रेडिट कार्डाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पगार लवकर संपण्याचे मूळ अनेकदा तिथे असते. बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरली की सुटलो असे वाटते. परंतु उरलेल्या रकमेवर अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे वीस हजार थकले, तर साडेतीन टक्के दराने महिन्याला ७०० रुपये व्याज आणि १२६ रुपये कर, असे ८२६ रुपये नुसतेच जातात. ‘नो कॉस्ट ईएमआय’ हेही फुकट नसते. बँक व्याज घेतेच, विक्रेता सहसा तेवढी सूट किमतीत दाखवतो, आणि व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी बसते.

‘फक्त दोनच शिल्लक’ किंवा सेकंद मोजणारे घड्याळ दिसले की घाई होते, हा केवळ तुमचा कमकुवतपणा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत अशी खोटी घाई निर्माण करणे आणि ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू टाकणे या दोन्हींचा समावेश आहे. मी ॲपच्या सूचना बंद ठेवते.

खरेदी पूर्ण बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. आठवडाभर कडक उपास आणि मग एका रात्रीत चार हजारांचे पारणे, हे मी दोनदा अनुभवले आहे. आता फ्रिजवर एक कागद असतो; हवीशी वाटलेली वस्तू तारखेसह त्यावर लिहायची आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेनंतरच ठरवायचे. गेल्या महिन्यात त्यावर अकरा नोंदी होत्या. त्यांतली पितळी परात घेतली, सहा मी स्वतः खोडल्या, आणि उरलेल्या चारांपैकी एक म्हणजे ‘छोटे पांढरे’ नेमके काय होते, ते अजून आठवलेले नाही.