‘दुसरा कॅमेरा’ असे बायोडाट्यात लिहावे का?

प्रश्न : मी जळगावच्या एका स्टुडिओत चार वर्षे लग्नांचे छायाचित्रण केले, मात्र मुख्य कॅमेरा मालकांकडे आणि दुसरा माझ्याकडे असे. त्यानंतर वडिलांच्या आजारपणामुळे एक वर्ष केळीच्या बागेत गेले. आता पुण्यात वस्तूंच्या छायाचित्रणाच्या नोकरीसाठी अर्ज करायचा आहे. मित्र म्हणतात, ‘मुख्य छायाचित्रकार, पाच वर्षांचा अनुभव’ असे ठोकून दे. तसे लिहावे का?
— एक वाचक, यावल

उत्तर : लिहू नका. मुलाखत घेणारा जाणकार असेल, तर तो एखाद्या फोटोवर बोट ठेवून त्याची रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, संस्कार न केलेली फाइल) मागेल, दिवा कोणत्या बाजूला होता ते विचारील, आणि तो फोटो मालकांनी काढलेला असल्यास तुमची तिथेच पंचाईत होईल. ‘चार वर्षे, दुसरा कॅमेरा, हळद, वरात, कँडिड, अल्बमसाठी निवड व रंगदुरुस्ती’ एवढे लिहिले, तरी काम जाणणाऱ्याला तुमच्या हाताची कल्पना येते. बागेतले वर्ष मित्रांनी परस्पर अनुभवात जमा केले आहे. ते ‘कौटुंबिक कारणाने शेती सांभाळली’ असे वेगळे दाखवा.

लग्नांचे फोटो जोडण्यापूर्वी परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा ग्राहक असतो. त्यामुळे स्टुडिओमालकांबरोबर त्या कुटुंबालाही विचारावे लागेल.

तुमची खरी उणीव पदाची नाही, वस्तूंच्या फोटोंची आहे, आणि ती घरबसल्या भरून काढता येते. भरताचे एक वांगे घ्या. त्याच्या तुकतुकीत सालीवर खिडकी जशीच्या तशी उमटते. खिडकीला बटर पेपर लावला की तोच चट्टा पसरून मऊ होतो, आणि समोरून थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला की काळवंडलेली बाजू उजळते. (आपल्याच चाळीसगावात केकी मूस यांनी घरातल्या घरात वस्तू मांडून टेबल-टॉप छायाचित्रे काढली, हे या निमित्ताने आठवते.) वांगे, पितळी तांब्या, काचेची बरणी असे आठ-दहा चांगले फोटो झाले की अर्जासोबत जोडा आणि प्रत्येकाखाली ‘सरावासाठी काढलेले, ग्राहकाचे काम नाही’ अशी ओळ न चुकता लिहा.