कर्जमर्यादेची भीती आणि 31 मार्च 2027

प्रश्न: बारा वर्षे न्यू जर्सीत नोकरी करून 15 ऑगस्ट 2024 ला पुण्यात कायमचा परतलो. तिकडे 30,000 डॉलरची ट्रेझरी बिले (अमेरिकी सरकारचे अल्पमुदतीचे रोखे), 70,000 डॉलरचा इंडेक्स ईटीएफ (शेअर निर्देशांकावर चालणारा, बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड) आहे आणि 3,800 डॉलरचा टॅक्स रिफंड यायचा आहे. बाणेरच्या फ्लॅटचे 62 लाखांचे कर्ज बाकी आहे, व्याज 8 टक्के. कर्जमर्यादेवरून तिकडे पुन्हा भांडण झाले तर पैसे अडकतील, म्हणून आत्ताच सगळे मोडून आणू का?

उत्तर: बिलांचे पैसे आणा, पण मुदत संपेल तसे. ईटीएफचा निर्णय जास्त तातडीचा आहे आणि त्याचा कर्जमर्यादेशी काहीही संबंध नाही.

आधी भीतीचे बघू. अमेरिकी सरकारने किती कर्ज उभारायचे याला कायद्याने मर्यादा आहे. जुलै 2025 मध्ये ती 5 लाख कोटी डॉलरने वाढवून 41.1 लाख कोटी केली. ती गाठली की तिथले अर्थखाते (ट्रेझरी) सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती निधीतली नवी गुंतवणूक थांबवते, हिशेब इकडचे तिकडे करते आणि काही महिने काढते. तेही संपले तर देणी थकतील, पण ती वेळ आजवर आलेली नाही. (सरकारी कार्यालये बंद पडतात तो वाद खर्चाच्या मंजुरीचा. 2025 मध्ये तो 43 दिवस चालला, तरी रोख्यांचे पैसे वेळेवर मिळत होते.) करदात्याला फटका बसतो तो व्याजातून. 2011 च्या ताणाताणीमुळे त्या आर्थिक वर्षात सरकारचा कर्जखर्च सुमारे 1.3 अब्ज डॉलरने वाढला, असा तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाचा अंदाज होता.

तुमच्या बिलांपुरते बोलायचे तर मे 2023 चे उदाहरण घ्या. जूनच्या सुरुवातीला मुदत संपणाऱ्या बिलांवरचा परतावा तेव्हा 7 टक्क्यांच्या वर गेला होता, म्हणजेच त्यांचे भाव पडले होते. समजा एरवी तो 5 टक्के असता आणि दहा दिवस उरलेले असताना घाबरून कोणी 30,000 डॉलरची बिले विकली असती, तर तोटा झाला असता साधारण 16 डॉलर. उलट डॉलर रुपयांत बदलताना बँकेने दरात 50 पैसे कमी दिले तर तुमचे 15,000 रुपये जातात. तेव्हा बातम्यांपेक्षा बँकेशी दरावरून घासाघीस करण्यात वेळ घालवा. फक्त ठरलेल्या तारखेला द्यायचा हप्ता त्याच आठवड्यात सुटणाऱ्या बिलावर अवलंबून ठेवू नका.

बिलांचे व्याज 4 टक्के धरा, रुपयाची घसरण वर्षाला 3 टक्के धरा, तरी बेरीज 7. कर्ज 8 चे. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, म्हणजे ते 8 पूर्ण 8 च आहेत. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून बाकीचे कर्जात भरा. फ्लोटिंग दर असल्यास मुदतपूर्व फेडीला दंड नाही. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला लेखी सांगा, तोंडी सांगून भागत नाही.

आता ईटीएफ. परतल्यावर सुरुवातीला तुम्ही ‘निवासी, पण साधारण निवासी नाही’ या वर्गात, म्हणजे आरएनओआर असता. या काळात परदेशात झालेला आणि तिथल्याच खात्यात जमा झालेला भांडवली नफा भारतात करपात्र नसतो. अमेरिकेच्या नजरेत तुम्ही आता अनिवासी परदेशी, म्हणून तीही त्यावर सहसा कर घेत नाही, मात्र ब्रोकरकडे डब्ल्यू-8बेन फॉर्म (आपण तसे परदेशी आहोत हे सांगणारा) भरलेला हवा. अनेकांचा जुना डब्ल्यू-9, म्हणजे अमेरिकी करदात्याचा फॉर्म, तसाच राहतो.

2026-27 मध्ये आरएनओआर राहायला आधीच्या सात वर्षांतले भारतातले दिवस 729 किंवा त्याहून कमी हवेत. ऑगस्ट 2024 ते मार्च 2026 हे 594 झाले. म्हणजे एप्रिल 2019 पासून परतेपर्यंतच्या सुट्ट्या मिळून 135 दिवसांत बसायला हव्यात. कोविडमध्ये पुण्यातून काम करत राहिला असाल तर इथेच गणित फसते, म्हणून काही विकण्याआधी पासपोर्टवरचे शिक्के घेऊन सीएकडे बसा. गणित जमले तर 31 मार्च 2027 च्या आत विका. पैसे आधी अमेरिकेतल्या खात्यात येऊ द्या, मग आणा. डॉलरच ठेवायचे असतील तर इथे आरएफसी खाते (निवासी व्यक्तीचे परकीय चलनातले बँक खाते) उघडा.

पुन्हा तोच ईटीएफ घ्यायचा असेल तर 60,000 डॉलरच्या खाली राहा. अनिवासी परदेशी व्यक्तीच्या निधनानंतर अमेरिकेतले शेअर आणि ईटीएफ त्याहून जास्त असतील तर वारसदारांमागे तिथल्या वारसा कराचे झंझट लागते. ट्रेझरी बिले त्यातून बहुधा सुटतात.

रिफंड कर्जमर्यादेमुळे आजवर अडलेला नाही, पण इतर कारणांनी महिनोन् महिने रखडू शकतो. तो धरून मॉड्युलर किचनची ऑर्डर देऊ नका, आणि तो जमा होईपर्यंत तिथले बँक खातेही बंद करू नका.