ट्यूबा सिटीला नर्स म्हणून जाताना: नवाहो रुग्ण आणि मधुमेह

तुमचा प्रश्न असा की, पुण्यात मधुमेहाची ओपीडी सांभाळलेल्या नर्सला अमेरिकेतल्या ॲरिझोनात, नवाहो नेशनमध्ये (नवाहो या मूलनिवासी जमातीच्या स्वशासित मुलखात) नव्यानं काय शिकावं लागेल. औषधं तीच, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) तेच. वेगळं आहे ते रुग्णाचं घर आणि घरापर्यंतचा रस्ता.

नोकरीबद्दल थोडक्यात. इंडियन हेल्थ सर्व्हिस या मूलनिवासींसाठीच्या अमेरिकी सरकारी आरोग्यसेवेतली पदं साधारणपणे अमेरिकी नागरिकांसाठी असतात. नवाहो नेशनमधल्या ट्यूबा सिटी या गावाचं रुग्णालय मात्र जमातीच्या अखत्यारीतलं मंडळ चालवतं, म्हणून परदेशी नर्सनं अशाच ठिकाणी अर्ज करावा. तिथं तुम्हाला जमीन विकत घेता येणार नाही. राहायच्या क्वार्टरचा उल्लेख ऑफर लेटरमध्येच करून घ्या.

प्रौढांत साधारण पाचातल्या एकाला मधुमेह आहे. याचं खापर लोकांच्या आळसावर फोडू नका. 1864 मध्ये अमेरिकी सैन्यानं नवाहोंना न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरच्या छावणीत हाकलत नेलं आणि मैदा, साखर, चरबी यांच्या शिध्यावर ठेवलं. तळलेली फ्रायब्रेड त्यातूनच आली. 1930 च्या दशकात सरकारनं मेंढ्यांचे कळप सक्तीनं कमी केले आणि घरचं मटण आटलं. आज मराठवाड्याहून मोठ्या या मुलखात किराणा आणि ताजी भाजी मिळणारी मोठी दुकानं जेमतेम डझनभर आहेत. कोल्ड्रिंक मात्र प्रत्येक पेट्रोलपंपावर मिळतं.

जवळपास एक तृतीयांश घरांत नळ नाही, पाणी पिंपांतून आणावं लागतं. तिथं "रोज पाय धुवा" एवढं सांगून भागत नाही. ओल्या फडक्यानं पुसणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं आणि तळवे आरशात पाहणं शिकवा. वीज नसलेल्या घरी इन्सुलिनचं एकेकच पेन द्या. वापरातलं बहुतेक इन्सुलिन 30 अंशांखाली सुमारे 28 दिवस टिकतं, पण गाडीत ठेवलं तर उन्हाळ्यात तापतं आणि हिवाळ्यात गोठतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं.

पाऊस-बर्फानं कच्चे रस्ते बंद पडतात. रुग्ण आला नाही म्हणून लगेच "ऐकत नाही" असा शेरा मारू नका. आला की रक्त, लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडाचं नुकसान दाखवणारं प्रथिन), डोळ्यांचा फोटो आणि पाय हे सगळं त्याच फेरीत तपासा. गोळ्या शक्यतो 90 दिवसांच्या द्या. वेळ देताना कुठल्या घड्याळाची ते सांगा: उन्हाळ्यात नवाहो नेशनचं घड्याळ तासभर पुढे जातं, शेजारच्या होपी जमातीच्या मोएनकोपी गावाचं जात नाही.

सगळ्यात मोठा बदल बोलण्यात करावा लागेल. आपल्याकडे "गोळ्या सोडल्यात तर पाय कापावा लागेल" असं सर्रास म्हणतात. पारंपरिक विचारांच्या नवाहो कुटुंबात असं बोलणं म्हणजे ते संकट ओढवून आणणं. तिथं तिऱ्हाइताबद्दल बोला: "या आजारात काहींचे पाय बधिर होतात, जखम कळत नाही, रोज पाहिल्यानं ती लवकर सापडते." जेवणाचंही तसंच. बंदीची यादी देण्याआधी दिवसाला किती कोल्ड्रिंक पितात ते विचारा. निळ्या मक्याची, ज्युनिपर या झाडाची राख घातलेली पेज त्यांच्या घरचीच आहे आणि राखेतून कॅल्शियमही मिळतं. साखर न घालता ती खायला जरूर सांगा, फक्त वाटीचं माप ठरवून द्या.

पुण्यात सडपातळ मधुमेही पाहण्याची सवय असते. तिथं वजन जास्त असलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलंही टाइप 2 (एरवी मोठ्यांत दिसणारा मधुमेह) घेऊन येतात, तेव्हा किशोरवय म्हणजे टाइप 1 (शरीरात इन्सुलिनच जवळपास न बनणारा मधुमेह) असं गृहीत धरू नका.

आणि हे काम वाया जात नाही. 1996 ते 2013 या काळात अमेरिकेतल्या मूलनिवासींमध्ये मधुमेहामुळे मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण 54 टक्क्यांनी घटलं. नियमित अल्ब्युमिन तपासणी, रक्तदाबाच्या योग्य गोळ्या आणि घरोघरी जाणारे स्थानिक आरोग्यसेवक यांचा त्यात मोठा वाटा आहे. मुलाखतीत तुमच्या विभागाशी असे किती आरोग्यसेवक जोडलेले आहेत ते विचारा, आणि रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे त्यांच्याबरोबर घरभेटींना जायची परवानगी मागा.